तिसऱ्याने उठायचं

व्हर्ना आत आली तेव्हा डेल्मर आणि ओडेल आधीच टेबलाशी बसले होते, त्यामुळे ती बसली नाही. तिने कोट काढला, बूट दारामागे ठेवले, आणलेला लोण्याचा डबा ओट्यावर ठेवला आणि फ्रिजला टेकून उभी राहिली. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ओडेल, धाकटा असल्यामुळे, निमूट उठला आणि कॉफीचा कप घेऊन बाहेर पोर्चमध्ये गेला. व्हर्ना त्याच्या खुर्चीवर बसली. खुर्ची अजून गरम होती.

ब्रेक्के भावंडांचं हे असं तळ्यावरच्या त्या प्रकरणापासून चालू आहे. राज्याच्या धान्यकोठार मंडळावर पाच सभासद, आणि त्यांतले तीन एकाच आईच्या पोटचे, हे काही कुणी ठरवून केलं नव्हतं. डेल्मरला एका गव्हर्नरने शेतकऱ्यांच्या वतीने नेमलं, व्हर्नाला दुसऱ्याने हिशेब कळतो म्हणून नेमलं, आणि ओडेलला तिसऱ्याने 'सर्वसामान्य जनता' म्हणून नेमलं. व्हर्नाचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, ओडेल राहतो शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हा राजधानीत कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या डाकोटात माणसंच इतकी कमी, की लक्षात येऊनही काही उपयोग झाला नसता. मग एका हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायच्या खोपीत तिघं बसले असताना डेल्मर म्हणाला की दाणे तपासायची फी थोडी वाढवायला हवी, आणि बाकीचे दोघे 'हं' म्हणाले. शेजारच्या खोपीतल्या माणसाला मासे मिळत नव्हते, पण त्याचे कान चांगले होते.

राजधानीतून वकील आला. त्याने तिघांना बसवून खुल्या बैठकांचा कायदा शिकवला. जनतेचं काम जनतेसमोर झालं पाहिजे, हे त्याचं पहिलं वाक्य, वाचून ऊर भरून यावा असं. त्याच्यापुढे 'मात्र' सुरू होतात. वकिलाचा सल्ला घ्यायचा असेल तर मात्र दार लावता येतं. धंद्याचं गुपित असेल तर मात्र लावता येतं. तक्रार करणाऱ्याचं नाव झाकायचं असेल तरी लावता येतं. वाचत गेलं की वाटतं, दार उघडं ठेवायलाच परवानगी लागत असावी. एक सवलत घरच्यांसाठीही आहे. लग्न, बारसं, जेवण अशा ठिकाणी कोरमभर सभासद, म्हणजे पाचांतले तीन, जमले तरी चालतं, फक्त मंडळाचा विषय काढायचा नाही. वकील हसून म्हणाला, "तुम्ही आपले खुशाल जेवा."

पण ब्रेक्के पडले सरळमार्गी. सवलत घेणं म्हणजे त्यांच्या लेखी फुकटचं खाणं. त्यांनी आपला नियम केला, दोघे बसलेले असले की तिसऱ्याने उठायचं. गेली कित्येक वर्षं ही तिन्ही भावंडं एका टेबलाशी जेवलेली नाहीत. आई दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होती तेव्हासुद्धा तिघं आळीपाळीने आत जात होते. म्हातारीला वाटलं पोरांचं भांडण झालंय. समेट करा, समेट करा म्हणतच ती गेली, आणि कायदा मात्र कुठेही मोडला नाही.

आज लेफ्सांचा दिवस. नाताळाच्या आधीच्या एका शनिवारी सगळे ब्रेक्के सर्वांत धाकट्या आर्लिसकडे जमतात आणि बटाट्याच्या लेफ्सा, म्हणजे पातळ नॉर्वेजियन पोळ्या, करतात. आर्लिस मंडळावर नाही. तिला कुणी नेमलं नाही, आणि एवढ्या एका कारणाने ती घरात कुठेही बसू शकते. ती लाटत होती. तिचा नवरा हार्लन मोठ्या विजेच्या तव्याशी उभा राहून लांब लाकडी पट्टीने लेफ्सा उलटत होता. ओट्यावरच्या खिडकीतून त्याचं धान्यकोठार दिसत होतं. काँक्रीटचे पांढरे उंच मनोरे, वरती गावाचं नाव, ऑस्टबी. ऑस्टबीत तेवढीच एक गोष्ट उंच आहे.

"मंगळवारी शाळेच्या जिममध्ये अख्खा गाव येणार म्हणतात," हार्लन तव्याकडे बघत म्हणाला. "पॉपकॉर्न विकणार आहात का, व्हर्ना?"

"या विषयावर मी बोलू शकत नाही."

"मी पॉपकॉर्नबद्दल विचारतोय."

"पॉपकॉर्न मक्याचे असतात," व्हर्ना म्हणाली. "मका आमच्या अखत्यारीत येतो."

डेल्मरने साखर घातलेली लेफ्सा तोंडात कोंबली. त्याला हसू आलं होतं की मेहुण्याची चटणी होताना बघून बरं वाटलं होतं, हे त्याच्या तोंडावरून कुणाला कळलं नसतं. डेल्मरच्या तोंडावरून आजवर कुणाला काही कळलेलं नाही.

मंगळवारी मंडळापुढे हार्लनचाच परवाना येणार होता. ऐन सुगीत कोठाराच्या खालच्या बोगद्यात धान्याच्या धुळीने पेट घेतला होता. धान्याची धूळ साधीसुधी नसते. ती पुरेशी साठली आणि ठिणगी मिळाली की काँक्रीटचे मनोरेसुद्धा आकाशात जातात. हार्लनने आग एकट्याने विझवली, कुणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गहू घ्यायला लागला. मग कुणीतरी मंडळाच्या कचेरीत फोन केला. तपासनीस आला, बोगद्यात गुडघाभर धूळ बघून गेला. हार्लनच्या वकिलाचा अर्ज असा, की सुनावणी बंद दाराआड व्हावी. धंद्याची गुपितं आहेत, शिवाय तक्रारदाराचं नावही झाकलेलं राहील. हार्लनला तक्रारदाराची एवढी काळजी आहे हे बघून गावाला भरून आलं.

बहिणीच्या नवऱ्याचा निवाडा करायला यांना बसता येतं का, असं कुणी विचारील. येतं. आमच्या कायद्यात नवरा, बायको, आईबाप आणि मुलं एवढेच नातेवाईक. मेहुणा त्यात मोडत नाही. तो कायदा करणाऱ्यांना मेहुणे नसावेत, किंवा फार असावेत.

"व्हर्ना," आर्लिस लाटणं थांबवून म्हणाली, "मला तुझ्याशी थोडं बोलायचं होतं. मंगळवारबद्दल."

"लोणी मऊ आहे बघ. दाराशी थंडीत ठेवू का?"

"लोण्याचं राहू दे गं."

"आर्लिस, तू पक्षकाराची बायको आहेस. तुला काय सांगायचंय ते मंडळाच्या वकिलाला सांग, तो आम्हाला लेखी कळवेल." व्हर्ना उठली आणि लोणी घेऊन दाराशी गेली. तिला वाटलं, आपण फार प्रेमाने बोललो.

*

बाहेर पोर्चमध्ये ओडेलची कॉफी केव्हाच गार झाली होती. काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती. त्याची मुलगी सिग्ने गाडीतून उतरून आली आणि आधी दारापाशी वाकून तिने बूट मोजले. सिग्ने जिल्ह्याच्या साप्ताहिकात बातमीदार आहे, आणि गेल्या वर्षी संपादक निवृत्त झाल्यापासून बहुतेक साप्ताहिक तीच आहे.

"आत दोघंच ना, बाबा?"

"दोघंच. मी इथे गारठतोय तो हौसेने नव्हे."

"छान. म्हणजे मी जेवायला आलेय, कामाला नाही." ती त्याच्या शेजारी बसली. "तुम्ही मंगळवारी दार लावायच्या बाजूने आहात, असं गावात बोलतात."

"गावाला कसं कळलं? मी कुणाशी बोललोच नाही."

"म्हणूनच कळलं."

ओडेलचं मत झालेलंच होतं. तो कायद्यासाठी नव्हे, आर्लिससाठी दार लावणार होता. भावंडांत त्याचा तिच्यावर सगळ्यांत जीव. लहानपणी शाळेच्या बसपर्यंत तिला बर्फातून पाठीवर तोच न्यायचा. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या पाट्यांखाली, अख्ख्या गावासमोर तिच्या नवऱ्याला 'बोगद्यात किती धूळ होती' असं विचारलं जाणार, आणि आर्लिस पहिल्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसणार. हे त्याला बघवलं नसतं. डेल्मरचं उलटं. पूर्वी हार्लनने त्याचा गहू ओला ठरवून परत पाठवला होता, तेव्हापासून डेल्मर पारदर्शक कारभाराचा फार मोठा पुरस्कर्ता झाला होता. राहिली व्हर्ना. तिला कुणाची बाजू नव्हती. तिला फक्त नियम होता, आणि नियम दोन्हीकडे बोट दाखवत होता.

"दार लावलं की सगळ्यांचीच सुटका होईल," ओडेल शेवटी म्हणाला. "तक्रार करणाऱ्याचीसुद्धा."

"आणि कर्टची?"

"कर्टचा काय संबंध?"

"बाबा, तुम्ही सर्वसामान्य जनता आहात ना? जनतेला माहीत आहे." सिग्नेने हातमोजे काढले. "तपासनीस येऊन गेला आणि त्याच आठवड्यात हार्लनकाकांनी कोठारावरच्या कर्टला कामावरून काढलं. हंगाम संपला, काम कमी झालं म्हणे. बाकीच्या दोघा कामगारांचं काम बरं कमी झालं नाही. आता पलीकडच्या गावच्या कोठारानेही त्याला नाही म्हटलंय. मालकाची चुगली करणारा माणूस कुणाला हवा? आणि दार लावलंत की तक्रार कुणी केली ते कधीच कळणार नाही. म्हणजे ती कर्टनेच केली, हे कायमचं ठरेल."

"त्यानेच केली असेल."

"केली असेल तर त्याने बरोबर केलं. आणि नसेल केली तर?"

ओडेलने गार कॉफीचा एक घोट घेतला. आमच्याकडे बापाला लेकीचं म्हणणं पटलं तर तो असंच करतो.

*

पोर्चच्या काचेलगत लाटत असल्यामुळे आर्लिसला बापलेकीचं बोलणं ऐकू आलं होतं. तिने पिठाचा हात डोळ्यांना लावला आणि पीठच गेलं असं स्वतःला सांगितलं.

फोन तिने केला होता. सुगीतल्या त्या दिवशी हार्लन घरी आला तेव्हा त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत करपलेली होती. तिने विचारलं, तर म्हणाला इस्त्रीने जळली. इतक्या वर्षांच्या संसारात हार्लनने इस्त्री हातात धरलेली तिने पाहिली नव्हती. तिने जेवण वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डबा दिला, आणि तो पुन्हा त्या बोगद्याकडे निघाला तेव्हा खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत तिने मंडळाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलली. तुमचं नाव कायद्याने कुणालाही कळणार नाही, सभासदांनासुद्धा नाही, म्हणाली. आर्लिसला बरं वाटलं. कर्टला काढलं तेव्हा ते बरं वाटणं संपलं. कर्टची बायको रविवारी चर्चमध्ये तिच्या पुढच्याच बाकावर बसते आणि अजूनही वळून तिला 'कशी आहेस' विचारते.

गेले काही आठवडे ती कुणाला तरी सांगायला बघत होती. डेल्मरला फोन केला, तर त्याने हवामान सांगून ठेवून दिला. ओडेल म्हणाला, 'काळजी करू नकोस, मी आहे ना,' आणि ऐकायलाच तयार होईना. व्हर्नाने लोणी दाराशी नेऊन ठेवलं. एवढी प्रामाणिक भावंडं देवाने कुणाला देऊ नयेत असं तिला मनापासून वाटलं.

"शेवटचा गोळा," हार्लन म्हणाला. "बोलाव सगळ्यांना."

हा आईचा रिवाज. शेवटच्या लेफ्साच्या गोळ्याला चौघा मुलांनी हात लावायचा, मग तो लाटायचा. मंडळाच्या बैठका सोडल्या तर वर्षातून ही एकच वेळ अशी, की तिन्ही सभासद एका खोलीत येत आणि ती सवलत नाइलाजाने वापरत, तीही बर्फ किती पडेल यावर बोलत. ओडेल आत आला. डेल्मर उठून उभा राहिला. व्हर्नाने हात धुतले. सिग्ने दारात टेकून उभी राहिली आणि सवयीने तिने खिशातला पेन चाचपला. चौघांचे हात त्या मऊ गोळ्यावर आले. डेल्मरचा खरखरीत, व्हर्नाचा अंगठी काढून ठेवलेला, ओडेलचा गारठलेला.

"सोमवारी वारा आहे म्हणतात," डेल्मर म्हणाला.

"वायव्येकडून," व्हर्ना म्हणाली.

"मला काहीतरी सांगायचंय," आर्लिस म्हणाली. "तिघांनाही. कर्टबद्दल, आणि त्या तक्रारीबद्दल."

तिन्ही हात गोळ्यावरून एकदम उठले.

"आर्लिस, थांब," व्हर्ना म्हणाली. "आम्ही तिघं आहोत."

"म्हणूनच सांगतेय. इतकी वर्षं तुम्ही तिघं कधी एका जागी सापडता का?"

"मी बाहेर जाते. मग दोघंच राहतील."

"नको, तू अध्यक्ष आहेस, तू बस," ओडेल म्हणाला. "मी उठतो, मला सवय आहे."

"तू आत्ताच आलायस. कान बघ किती लाल झालेत," डेल्मर म्हणाला. "मी जातो."

"तुझा गुडघा दुखतोय, डेल्मर. पायऱ्यांवर बर्फ आहे."

"गुडघ्याचं काय एवढं."

आमच्याकडे शिष्टाचारात कुणी हार मानत नाही. पातेल्यातला शेवटचा घास तीन दिवस तसाच राहतो, पण पुढे होऊन कुणी घेत नाही. एक जण उठला असता तरी कोरम मोडला असता. पण एकाने जायचं आणि बाकीच्यांनी बसून राहायचं हे फारच उद्धट दिसलं असतं, म्हणून तिघांनीही कोट घातले, एकमेकांना दार धरलं आणि तिघंही बाहेर गेले. पोर्चमध्ये पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की कोरम आता इथे भरलाय. मग डेल्मर शेडकडे गेला, ओडेल अंगणातल्या बर्फात पत्रपेटीपाशी जाऊन उभा राहिला आणि व्हर्ना आपल्या गाडीत काच थोडी खाली करून बसली, कारण आतून काचेवर वाफ धरत होती. सिग्नेला मनातून थांबायचं होतं. पण जिथे कोरम तिथे बातमीदार, म्हणून तीही त्यांच्यामागे पोर्चवर गेली.

स्वयंपाकघरात हार्लन उरला. कुठलाच कायदा त्याला उठायला सांगत नव्हता.

आर्लिसने गोळा पोळपाटावर ठेवला आणि लाटायला घेतला. "ऐकायला तूच राहिलास," ती म्हणाली.

"कर्टबद्दल काय सांगायचं होतं?"

"फोन त्याने केला नव्हता. मी केला."

हार्लन तव्याशी तसाच उभा राहिला. तव्यावर काही नव्हतं, तरी पट्टी त्याच्या हातात होती.

"तू," तो म्हणाला.

"मी. शर्ट इस्त्रीने जळला म्हणालास, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला सांगायचं होतंस."

"तू मला सांगितलंस का? तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, सुगी होऊ दे. सुगी झाल्यावर म्हणाला असतास, नाताळ होऊ दे." ती लाटतच राहिली. "मी रोज तुला डबा देऊन त्या बोगद्यात पाठवत होते, हार्लन. कोठार गेलं तर जाऊ दे, मला काही वाटायचं नाही. मला तू हवा आहेस. आणि तू त्या माणसाच्या पोटावर पाय दिलास, आणि मी गप्प बसले. मला माझीच लाज वाटते."

आपल्या बाबतीत खरोखर कुणी विश्वासघात केला असेल तर तो कर्टने, हे हार्लनने गेले दोन महिने सगळ्या गावाला सांगितलं होतं, आणि सांगताना त्याला फार बरं वाटत होतं. आता ते सगळं त्याच्या अंगावर येऊन बसलं. त्याला बायकोचा राग आला, आणि त्या रागाला धरायला कुठे जागाच सापडेना. त्याला तो बोगदा आठवला. धूर, आणि खोऱ्याने धूळ ओढताना त्याला वाटलेली ती भीती, जी त्याने वकिलालासुद्धा सांगितली नव्हती.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी."

"माहीत आहे मला. तू जेवला नव्हतास."

त्याने तव्याचं बटण बंद केलं आणि खुंटीवरचा कोट घेतला.

"कुठे निघालास?"

"कर्टकडे. त्याला हे तोंडावर सांगायला हवं."

"मीही येते," आर्लिस म्हणाली. "सांगणार मी. तू नुसता उभा राहा."

दोघं बाहेर आले. सिग्ने पायरीवर उभी होती. अंगणात तीन कोपऱ्यांत तीन ब्रेक्के गारठत होते. व्हर्नाने गाडीच्या काचेतून डोकं बाहेर काढलं. "झालं का तुमचं बोलून? आम्ही आत आलो तर चालेल? फक्त काय बोललात ते सांगू नका."

आर्लिस पायरीवरच थांबली. हाताला अजून पीठ होतं. "सिग्ने," ती मोठ्याने म्हणाली, "या तिघांना ऐकायची परवानगी नाही. तुला आहे ना?"

"मला तर ऐकण्याचाच पगार मिळतो, आत्या."

"मग लिही. हार्लनच्या कोठाराची तक्रार मी केली. कर्टने नाही. माझं नाव झाकायला कुणी दार लावायची गरज नाही. मंगळवारी मी जिममध्ये उभी राहून हेच सांगणार आहे."

डेल्मरने टोपीचे कानपट्टे खाली ओढले, पण उशिरा. ओडेल पत्रपेटी उघडून आत बघत राहिला. आत काही नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. व्हर्ना म्हणाली, "मी काहीही ऐकलेलं नाही," आणि काच वर केली. पण त्या गाडीची काच एरवी भरकन वर जाते, ती आज शेवटच्या शब्दापर्यंत हळूहळू गेली.

हार्लनने पिकअपचं दार आर्लिससाठी उघडलं. चढता चढता तो घुटमळला. कर्टच्या दारात उभं राहायचं या विचाराने त्याचा धीर सुटत होता, आणि निदान आज तरी सुटका मिळेल अशा आशेने त्याने सिग्नेला विचारलं, "या वेळी कर्ट घरी असेल का?"

"असेल की, काका," सिग्ने म्हणाली. "त्याला जायचंय कुठे?"